पहिला आठवडा वहीवरच का : तुमच्या अभिप्रायाला उत्तर

नमस्कार. विमानाच्या भागांवरचा ताण कॉम्प्युटरवर मॉडेल करून तपासायला शिकवणाऱ्या आमच्या कोर्सला तुम्ही दोन स्टार देऊन लिहिलंत, की पहिला आठवडा वही-कॅल्क्युलेटरवरच गेला, अख्खं विमान मॉडेल करायला मिळालंच नाही आणि शंका विचारली की सर उलट प्रश्न विचारतात. तिन्ही गोष्टी आम्ही ठरवून करतो. का, ते सांगतो.

छिद्र पाडलेल्या प्लेटचा सराव आठवा. रुंद प्लेट ओढली की छोट्या गोल छिद्राच्या कडेला स्ट्रेस (आतला ताण) तिप्पट होतो, हे १८९८ पासून ठाऊक आहे. सॉफ्टवेअरमध्ये भागाचे छोटे तुकडे पाडणारी जाळी म्हणजे मेश. जाड मेशवर उत्तर कमी येतं, बारीक केली की तिपटीजवळ स्थिरावतं. पुढच्याच सरावात आम्ही टोकदार कोपऱ्यांचं चौकोनी छिद्र देतो. तिथे मेश जितकी बारीक कराल तितका आकडा चढतो आणि थांबतच नाही. सॉफ्टवेअर एरर देत नाही, रंगीत चित्रही दोन्ही वेळा तितकंच छान दिसतं. कुठल्या आकड्यावर विसंबायचं, हे आधी वहीवर अंदाज मांडलेल्यालाच कळतं.

१९५४ मध्ये कॉमेट जातीची दोन प्रवासी जेट विमानं हवेत फुटली, माणसं गेली. इंग्लंडमधल्या फार्नबरोला तसंच एक विमान पाण्याच्या टाकीत ठेवून केबिनला पुन्हा पुन्हा दाब दिला, तेव्हा तिथेही केबिन खिडकीच्या कोपऱ्यापासूनच फाटली. कोपऱ्यांजवळचा स्ट्रेस डिझाइन करताना धरल्यापेक्षा बराच जास्त निघाला. म्हणून कोपऱ्यांच्या बाबतीत मी हट्टी आहे, आणि राहीन.

राहिलं अख्खं विमान. कंपन्यांतही पूर्ण विमानाचं मॉडेल ढोबळ असतं. कुठल्या भागावर किती लोड येतो हे त्यातून काढतात आणि बारकावे वेगळ्या मॉडेलमध्ये तपासतात. विंग बॉक्समध्ये, म्हणजे पंखाच्या मुख्य सांगाड्याच्या सरावात, तुम्हाला स्पार (पंखाच्या लांबीतले मुख्य आधार), रिब (आडवे आधार), शेल म्हणजे पातळ पत्र्याच्या घटकांची स्किन (बाहेरचा पत्रा), बीम म्हणजे दांड्याच्या घटकांचे स्ट्रिंगर (स्किनला आतून जोडलेल्या पट्ट्या), सगळं मिळालं. शिवाय लिनिअर स्टॅटिकमध्ये (स्थिर लोडखालच्या साध्या ताणाच्या तपासणीत) आरामात पास झालेलं वरचं स्किन पॅनेल बक्लिंगमध्ये (दाबाखाली पत्रा अचानक वाकतो का, या तपासणीत) नापास होतं, हेही तुम्ही स्वतः पाहिलंत. पातळ स्किनवर आंधळेपणाने ऑटोमेश (सॉफ्टवेअरने आपोआप पाडलेली मेश) मारून उभं केलेलं विमान दाखवायला छान दिसेल, पण त्यातून हे शिकता आलं नसतं.

उलट प्रश्नांबद्दल एवढंच : ‘पंखाचं टोक किती मिलिमीटर वाकायला हवं?’ हे मी विचारलं नाही, तर नोकरीत तुमचे सीनियर विचारतील.

पुढच्या बॅचच्या विंग बॉक्स सरावाला तुम्ही फी न भरता येऊन बसा. तुमचं स्वतःचं मॉडेल घेऊन या, लोड आणि सपोर्टपासून सगळं शेजारी बसून तपासू.