तिवरं मारण्याची सभ्य पद्धत

खाडीकाठी जागा घेतलीत? अभिनंदन. समोरच्या खाऱ्या चिखलातली ती हिरवी झाडी, म्हणजे तिवरांचं कांदळवन, मात्र आधी हटवावी लागेल. पण कुऱ्हाडीला हात लावू नका. कांदळवन तोडणं म्हणजे नागरिकांच्या जगण्याच्या हक्कावर घाला, असं मुंबई उच्च न्यायालयाने २०१८ मध्ये सांगून ठेवलंय. तेव्हा काम बिनबोभाट व्हायला हवं.

भरतीचं पाणी ज्या वाटेने आत शिरतं, तिथे मातीचा एक बांध घाला. कोणी विचारलंच, तर 'जायला-यायला रस्ता' म्हणा. तिवराची श्वासमुळं पेन्सिली रोवल्यासारखी चिखलातून वर आलेली असतात. त्यांवर रात्री दोन-चार डंपर राडारोडा ओतला की झाड आपसूक गुदमरतं. आधी पानं पिवळी, मग नुसत्या काटक्या. पुढे पाहणीला साहेब आले की निरागसपणे विचारा, "इथे कुठे होतं कांदळवन?" सुकलेल्या झाडाचा जबाब नोंदवायची सोय पंचनाम्यात अजून नाही.

कोळीवाड्यातल्या म्हाताऱ्या कुरकुरतील, की निवट्या, चिंबोऱ्या, जिताड्याची पिल्लं सगळं इथेच वाढतं म्हणून. त्यांना मॉलमधल्या फ्रोजन मासळीचा पत्ता द्या.

लाटेचा जोर मोडायला आणि गाळ धरायला मुळंच उरली नाहीत, की उधाण थेट अंगणात येईल. घाबरायचं नाही, खरी कमाई इथेच आहे. 'धूप प्रतिबंधक बंधारा' मंजूर करून घ्या. किनाऱ्यावरची मर्यादवेलही वाळू धरून ठेवते म्हणा, पण वेलीचं उद्घाटन कसं करणार? बंधाऱ्यावर आपटलेली लाट परतताना पायथ्याची वाळू ओढून नेते, शेजारची पुळण खचते, मग शेजारचं गाव बंधारा मागतं, त्याच्यापुढे त्याच्या शेजारचं. दगड खाली बसले की दुरुस्तीचं टेंडर वेगळं. तिवरं बिचारी वर्षानुवर्षं पहारा देतात आणि एकही बिल लावत नाहीत. असल्या फुकट्या रखवालदाराला कोण विचारतो!

निसर्गप्रेमासाठी २६ जुलै राखून ठेवा. तो जागतिक कांदळवन दिन. २००५ मध्ये याच तारखेला मुंबईत सांताक्रूझला २४ तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस झाला आणि मिठी नदीचं पाणी घराघरांत शिरलं होतं. मिठीकाठची किती तिवरं भरावाखाली गेली, हा विषय भाषणात टाळलेला बरा. टी-शर्ट छापा, गमबूट आणा आणि रोपं अशा उघड्या दलदलीत खोचा, जिथे तिवर आपणहून कधीच उगवलं नव्हतं. का उगवलं नव्हतं, हे विचारायचं नाही. जुना बांध फोडून पाणी आत सोडलं, तर भरतीबरोबर बिया वाहत येऊन स्वतःच रुजू शकतात. पण त्यात पाहुण्यांच्या हाती काय द्यायचं?

संकुलाचं नाव 'मँग्रोव्ह व्ह्यू' ठेवा, भाव चढा मिळतो. तळमजले आधी विकून टाका. स्वतःसाठी चौथ्या मजल्याच्या खाली घेऊ नका, आणि गाडी जूनपासून चढावरच्या मेहुण्याकडे लावा.