चमकदार पांढऱ्या रेषा: डर्मोस्कोप फिरवून बघा
डर्मोस्कोपवरच्या (त्वचेवरचे डाग मोठे करून बघायचं भिंगाचं उपकरण) एका लेखात, पोलराइज्ड (फिल्टरने त्वचेवरची चकाकी काढलेल्या) प्रकाशात डागांवर दिसणाऱ्या चमकदार पांढऱ्या रेषांना थेट मेलानोमाची (त्वचेच्या घातक कर्करोगाची) खूण म्हटलंय, ते घाईचं आहे. या रेषा बेसल सेल कार्सिनोमा (त्वचेचा दुसरा एक कर्करोग), डर्मॅटोफायब्रोमा (त्वचेतली निरुपद्रवी गाठ), स्पिट्झ नेव्हस (तिळाचा एक प्रकार) आणि जुन्या जखमेच्या व्रणातही दिसतात. रेषा आखूड, सरळ, एकमेकींना काटकोनात. डर्मोस्कोप त्याच जागी हळूहळू फिरवला की काही विझतात, काही उजळतात. त्यामुळे एकाच कोनातून बघून 'नाहीत' असं लिहू नका. मग जेल लावून नॉन-पोलराइज्डवर (फिल्टर नसलेल्या साध्या प्रकाशावर) या: रेषा गायब होतात आणि सेबोऱ्हिक केराटोसिसमधले (वयानुसार येणारे निरुपद्रवी खरखरीत डाग) मिलियासारखे (बारीक पांढऱ्या पुटकुळ्यांसारखे) पांढरे ठिपके लख्ख दिसतात. पोलराइज्डमध्ये हेच ठिपके फिके पडतात, गफलत तिथेच होते. आणि कृपया डर्मोस्कोपची काच त्वचेवर दाबू नका! बारीक रक्तवाहिन्या दाबाखाली रिकाम्या होऊन दिसेनाशा होतात. त्या पोलराइज्डमध्ये, त्वचेला न टेकवता बघाव्यात.