सगळंच कसं काय ‘अलार्मिंग’?

आमच्या सोसायटीच्या ग्रुपवर हल्ली टोमॅटोचे भाव अलार्मिंग, लिफ्टचा आवाज अलार्मिंग आणि कुणाच्या तरी भाच्याचे बारावीचे मार्कसुद्धा अलार्मिंग. एका काकांनी तर ‘आय ॲम व्हेरी अलार्मिंग’ असंच लिहून टाकलं. म्हणायचं होतं ‘अलार्म्ड’, म्हणजे घाबरलेला; लिहिलं घाबरवणारा. काका स्वभावाने इतके गरीब, की त्यांना बघून गेटवरचं कुत्रंही उठत नाही.

पण व्याकरण जाऊ दे. शब्दाची पार रया गेली, याचं वाईट वाटतं. ‘अलार्म’ मूळचा इटालियनमधून आलेला. ‘आल्लार्मे’ म्हणजे ‘शस्त्रं उचला!’ पहारेकऱ्याची आरोळी ती, ऐकली की झोपलेल्याने उठायचं. नुसती चिंता वाटत असेल तर इंग्रजीत ‘वरीइंग’ आहे की! तिथे बसल्या जागी सुस्कारा टाकला तरी भागतं.

खरं तर बडोदेकरांना हा फरक कुणी शिकवायला नको. गावातून वाहणाऱ्या विश्वामित्री नदीत मगरी आहेत हे इथल्या शेंबड्या पोरालाही ठाऊक. पुलावरून जाताना काठावर एखादी ऊन खात पडलेली दिसली तर आम्ही स्कूटरही हळू करत नाही. ऑगस्ट २०२४ च्या पुरात मात्र मगरी रस्त्यावर आणि घरांच्या आवारात आल्या, तेव्हा भल्याभल्यांची गाळण उडाली. जनावर तेच, पण आता ते जिन्याखाली असू शकत होतं.

त्या पुरात पाणी ३५ फुटांच्याही वर गेलं. नदीवरच्या कालाघोडा पुलापाशी धोक्याची पातळी २६ फूट. पाणी चढत होतं तेव्हा ग्रुपवर ‘अलार्मिंग सिच्युएशन!!’ हेच फिरत होतं, सोबत हात जोडलेले इमोजी. पाणी कुठे, किती, हे कधीचं, कशाचा पत्ता नाही. मग तिसऱ्या मजल्यावरच्या वहिनींनी लिहिलं, ‘कालाघोडा २४ फूट, वाढतंय. गाड्या काढा, पंपाची मेन बंद करा, खालच्या आजींना वर आणा.’ पाच मिनिटांत निम्मी बिल्डिंग पार्किंगमध्ये. वहिनींच्या मेसेजमध्ये एकही विशेषण नव्हतं.

पेपरवाल्यांचंही तेच. काहीही वाढलं की ते ‘अलार्मिंग रेट’नेच वाढतं, रेट किती ते शोधत बसा.

ॲडमिनना सांगून ठेवलंय, यंदा नदीबद्दल लिहिणाऱ्याने फूट आणि वेळ लिहायची, नाहीतर मेसेज डिलीट. टोमॅटोला ‘महागले मेले’ म्हणा, कुणी काही बोलणार नाही.