शेवटची बोट गेल्यानंतर

गेल्या शनिवारी आम्ही सात जण शिवसागरातल्या, म्हणजे कोयना धरणाच्या जलाशयातल्या, एका बेटावर रात्र काढून आलो. साताऱ्याच्या शाळेत पाचवीपासून एका वर्गात होतो, आता सगळे बावन्न-त्रेपन्नचे. फोटो टाकल्यापासून 'कुठलं रिसॉर्ट?', 'पॅकेज केवढ्याला?' असे मेसेज येतायत. रिसॉर्ट नव्हतं, पॅकेजही नव्हतं. आणि जे खरं घडलं ते एकाही फोटोत आलेलं नाही, म्हणून एवढं लांबलचक लिहायला बसलोय. मित्रांची नावं मुद्दाम घालत नाही. त्यांना विचारूनच लिहितोय, पण नावं नकोत असं ठरलं.

साताऱ्याहून कासचं पठार ओलांडून बामणोलीला उतरलं की समोर पाणीच पाणी दिसतं. महाबळेश्वरला उगम पावलेली कोयना पुढे हेळवाकला अडवली, धरण १९६४ साली पूर्ण झालं आणि मागची सगळी खोरी भरून गेली. १०५ टीएमसी पाणी. आमच्यातला एक जण वीज खात्यात आहे. तो बोटीत बसल्या बसल्या सांगत होता, की यातलं बरंचसं पाणी कृष्णेकडे जातच नाही. सह्याद्रीच्या पोटातल्या बोगद्यातून पश्चिमेला उतरतं, पोफळीला त्याची वीज होते आणि मग ते चिपळूणच्या वाशिष्ठीला जाऊन मिळतं. बोट चालवणारे मामा गप्प ऐकत होते. मग म्हणाले, "वीज आमच्या पाण्याची, पण आमच्या वाडीत दिवा किती वर्षांनी लागला ते इचारा." त्यावर कोणी काही बोललं नाही.

इथलं बेट म्हणजे समुद्रातलं बेट नव्हे. ते बुडालेल्या डोंगराचं डोकं असतं. जानेवारीत पाणी थोडं उतरलेलं असतं, त्यामुळे काठाला तांबड्या चिखलाचा पट्टा उघडा पडतो आणि त्यावर पायऱ्यांसारख्या रेघा दिसतात. पाणी जिथे जिथे काही दिवस थांबलं, तिथे तिथे एक रेघ. त्या रेघा चढून वर गेलो तर करवंदीच्या जाळीशेजारी एक शेंदूर लावलेला दगड होता. मामांनी चपला काढल्या, हात जोडले आणि मगच आमचं सामान उतरवायला घेतलं. हा गावाच्या वरच्या अंगाचा देव. गाव खाली पाण्यात, माणसं पार सोलापूर-सांगलीकडे नेऊन वसवलेली, काही मुंबईत माथाडी कामाला गेलेली. देव तेवढा उंचावर होता म्हणून राहिला.

आम्ही एक स्पीकर नेला होता. तो पिशवीतून बाहेर काढलाच नाही. कोणी कोणाला 'नको' असंही म्हणालं नाही.

साडेपाचला मामा बोट घेऊन परत गेले. इंजिनाचा आवाज बारीक बारीक होत गेला आणि मग थांबला. तेव्हा पहिल्यांदा लक्षात आलं की आता उद्या सकाळी आठपर्यंत इथून कोणीही कुठे जाऊ शकत नाही. मोबाइलला रेंज नाही. गाडी पलीकडच्या काठावर. मला या पोस्टमध्ये जे सांगायचंय ते एवढंच आहे, की जुन्या मित्रांना अशीच एक जागा लागते.

आमचं दरवर्षी गेट-टुगेदर होतं. हॉल नाहीतर रिसॉर्ट असतं, बुफे असतो, एक जण सूत्रसंचालन करतो, शाल-नारळ होतो. नऊ वाजले की एकेक जण घड्याळ बघायला लागतो. 'चला, निघतो रे, उद्या लवकर उठायचंय.' निरोप घेण्यात अर्धा तास जातो आणि बोलायचं होतं ते राहूनच जातं. गेली दहा वर्षं आम्ही एकमेकांना भेटलो, पण एकमेकांबद्दल आम्हाला काय माहीत होतं? कोणाची मुलगी कुठे शिकते, कोणी कुठली गाडी घेतली. बस.

बेटावर नऊ वाजले तेव्हा आमचं जेवणच चाललं होतं. मामांच्या घरून फडक्यात बांधून आलेल्या नाचणीच्या भाकरी, आम्ही तीन दगडांवर केलेलं पिठलं, लसणाचा खरडा. दहा वाजता थंडी अशी पडली की सगळे एकाच ताडपत्रीवर चादरी ओढून खेटून बसलो. पलीकडच्या कोयना अभयारण्याच्या बाजूने भेकर ओरडलं, कुत्रं भुंकावं तसं. चिखलात कुठेतरी टिटवी कावत होती. त्यानंतर बराच वेळ शांतता. हॉलमध्ये अशी शांतता पडली असती तर कोणीतरी लगेच माइक हातात घेतला असता.

दोन वाजले असतील. मृग नक्षत्र डोक्यावरून पश्चिमेला कललं होतं. आमच्यातला एक जण, मागच्या दोन गेट-टुगेदरना न आलेला, हातातल्या काडीने राख उकरत होता. त्याच्या बाबतीत आमच्यात बोललं जायचं, की तो बदलला, त्याला आता आपली गरज नाही. तो वर न बघताच म्हणाला, "त्या रिसॉर्टची वर्गणी साडेतीन हजार होती ना. मला नव्हती परवडत."

एवढंच. आवाज नेहमीचाच होता. मग हळूहळू सगळं आलं. दुकान चार वर्षांपूर्वीच बंद झालं होतं. बायको शिवणकाम करते. ग्रुपवर वर्गणीचा आकडा पडला की तो दोन दिवस ग्रुपच उघडायचा नाही. माझ्या शेजारी बसलेल्याने, ज्याने तो आकडा टाकला होता, त्याच्या अंगावर स्वतःची चादर घातली आणि तसाच बसून राहिला. मला रडू आलं. बाकीचेही काही कोरडे नव्हते.

मी पाचवीत असताना याच मुलाच्या डब्यात रोज जेवायचो. माझी आई तेव्हा आजारी होती. त्याची आई दोघांपुरतं द्यायची, आणि याने एकदाही, अगदी भांडणातसुद्धा, ते बोलून दाखवलं नाही. आणि त्याला भेटायला आम्ही साडेतीन हजारांचं तिकीट लावलं होतं. मुद्दाम नाही, हे खरं. पण लावलं होतं. ज्यांच्या ज्यांच्या बॅचचे ग्रुप आहेत त्यांना माझं हात जोडून सांगणं आहे, जे येत नाहीत त्यांना एकदा एकटं गाठून विचारा. ग्रुपवर नको, फोनही नको. घरी जा.

आमचा बेटावरचा खर्च बोट, शिधा, पेट्रोल धरून माणशी नऊशेच्या आत आला. तंबू एकाच्या मुलाच्या ट्रेकिंगवाल्या मित्रांकडून आणले.

जायचं ठरवणाऱ्यांसाठी थोडं सांगतो. अभयारण्याच्या हद्दीत रात्री राहता येत नाही, तिथल्या वासोटा किल्ल्यालासुद्धा परवानगी काढून जायचं आणि संध्याकाळच्या आत परत यायचं असतं. म्हणून कुठे उतरायचं ते स्थानिक बोटवाल्यालाच विचारा, आणि तो नको म्हणाला तर नको. बोटीत लाइफ जॅकेट अंगात घालायचं, मांडीवर ठेवायचं नाही. आम्ही दारू नेली नव्हती. खोल, गार पाणी चारी बाजूंनी असताना ती नेऊच नये असं माझं स्पष्ट मत आहे, धरणांच्या काठावर किती घरांतली पोरं गेली ते आपण दरवर्षी वाचतो. जाळ करायचा तर काठाच्या ओल्या चिखलात, वरच्या वाळक्या गवतात नाही. एक ठिणगी पडली तर वणवा, आणि बेटावरून पळायला जागा नसते. सगळा कचरा परत आणायचा. आम्हाला तिथे आधी येऊन गेलेल्यांच्या अकरा बाटल्या सापडल्या, त्यातल्या दोन त्या शेंदरी दगडाला टेकवून ठेवलेल्या. ज्यांचं गाव बुडवून आपण दिवे लावले त्यांच्या देवाशी असं वागायचं? फार वाईट वाटलं.

सकाळी पाण्यावर इतकं धुकं होतं की मामांची बोट दिसण्याआधी ऐकू आली. बाटल्यांचं पोतं त्यांनी हातात घेतलं, आमच्याकडे एकदा बघितलं आणि नीट बोटीच्या पुढच्या टोकाशी ठेवलं. येताना त्यांनी एका जागी इंजिन बंद केलं. "हिथं खाली आमच्या आज्याचं घर. मे म्हयन्यात पाणी तळाला गेलं की जोतं उघडं पडतं." आम्ही सातही जण वाकून बघत होतो. हिरवं पाणी, बाकी काही दिसलं नाही.

तर पुढचा मुक्काम मेच्या पहिल्या शनिवारी. मामांना सांगून ठेवलंय, ते जोतं दाखवणार आहेत. वर्गणी ग्रुपवर टाकायची नाही असं ठरलंय. ज्याच्या घरात जे असेल ते आणायचं. तांदूळ त्या दोन वर्षं न आलेल्या मित्राकडून येणार, सासुरवाडीचा इंद्रायणी आहे म्हणाला.