मॅडम वूंचं नोबेल कोणत्याही 'गोऱ्या साहेबाने' चोरलेलं नाही

भाचीने विज्ञान दिनाचं भाषण वाचायला दिलं आणि दुसऱ्याच ओळीला माझं डोकं फिरलं. सगळं व्हॉट्सअॅपवरून जसंच्या तसं उतरवलेलं. मेसेज तुमच्याकडेही आला असेल: बापाचा विरोध पत्करून शिकलेली चिनी खेड्यातली मुलगी अमेरिकेत जाते, अणुबॉम्ब बनवते, तिचे दोन गोरे साहेब तिचा शोध चोरून नोबेल लाटतात आणि ती उपेक्षेत मरते. भौतिकशास्त्रज्ञ च्येन-शिउंग वू हे नाव तेवढं बरोबर आहे.

आधी ते गोरे साहेब. १९५७चं भौतिकशास्त्राचं नोबेल मिळालं त्सुंग-दाओ ली आणि चेन-निंग यांग यांना. नावं वाचली तरी पुरे होतं हो! दोघेही चीनमध्ये जन्मलेले, वूंसारखेच शिकायला अमेरिकेत आलेले. यांग त्यांच्याहून दहा वर्षांनी लहान, ली चौदा. ली कोलंबिया विद्यापीठात त्यांचे सहकारी, यांग तर वेगळ्याच संस्थेत. यात साहेब कोण?

चोरीचं म्हणाल तर, निसर्ग डावं-उजवं करत नाही, म्हणजे कुठल्याही घटनेचं आरशातलं प्रतिबिंबही तितकंच शक्य असतं, हा नियम सगळे गृहीत धरून होते. क्षीण आंतरक्रियांमध्ये (काही किरणोत्सारी बदलांमागचं मूलभूत बल) तो कुणी तपासलेलाच नाही, हे ली आणि यांग यांनी १९५६मध्ये दाखवलं आणि प्रयोगही सुचवले. वूंनी त्यांतला एक केला आणि नियम मोडला. फेब्रुवारी १९५७च्या 'फिजिकल रिव्ह्यू' या संशोधनपत्रिकेत वूंचा जेमतेम दोन पानांचा निबंध आहे. त्याची सुरुवातच ली आणि यांग यांच्या नावाने होते, प्रयोग त्यांनी सुचवले होते हेही तिथेच लिहिलंय. जिचं चोरलं म्हणता, तिनेच श्रेय लिहून दिलंय!

त्याच निबंधावर वूंच्या नावापुढे आणखी चार नावं आहेत: अँब्लर, हेवर्ड, हॉप्स, हडसन. किरणोत्सारी कोबाल्ट-६० निरपेक्ष शून्याच्या (उणे २७३ अंश सेल्सिअस) अगदी जवळ नेऊन त्याची अणुकेंद्रकं एका दिशेला वळवायची होती आणि त्यांतून निघणारे इलेक्ट्रॉन, म्हणजे बीटा किरण, एकाच बाजूला जास्त जातात का ते पाहायचं होतं. इतक्या थंडीची सोय वॉशिंग्टनच्या नॅशनल ब्युरो ऑफ स्टँडर्ड्समध्ये होती, म्हणून वू तिथे गेल्या. बीटा किरणांच्या मोजमापात मात्र वूंचा हात धरणारं कोणी नव्हतं. श्रेय चोरल्याची बोंब मारणारा मेसेज या चौघांचं श्रेय खाऊन बसलाय.

बरं, नोबेल वूंनाही मिळायला हवं होतं, हे मान्य. त्या वर्षीची नामांकनं जानेवारीअखेर बंद झाली आणि निबंध फेब्रुवारीत छापून आला, ही सबब एका वर्षापुरती चालेल. पुढे त्यांचं नाव पुन्हा पुन्हा सुचवलं गेलं, तरी समिती हलली नाही. अन्याय झाला. पण तो समितीने केला, ली-यांगांनी नाही.

अणुबॉम्ब 'बनवला' वगैरे काही नाही. १९४४पासून कोलंबियात त्या युरेनियम वेगळं करण्याच्या आणि किरणोत्सार मोजण्याच्या कामात होत्या. बॉम्बसाठी प्लुटोनियम बनवणारी हॅनफर्डची अणुभट्टी आपोआप थंडावू लागली, तेव्हा त्यामागे भट्टीतच तयार होऊन न्यूट्रॉन गिळणारा झेनॉन-१३५ वायू आहे हे पक्कं करायला त्यांची बर्कलेतली मोजमापं कामी आली. हजारो माणसांच्या प्रकल्पात एवढं योगदान काय कमी आहे?

बापाच्या विरोधाचं वाक्य मात्र संतापजनक आहे. वू चोंग-यी यांनी ल्यूह या गावात मुलींसाठी शाळा काढली आणि लेक तिथेच शिकली. १९३६मध्ये ती अमेरिकेला गेली. मध्ये युद्ध, मग चीन-अमेरिका वैर. ती परतू शकली १९७३मध्ये, तोवर आईवडील दोघेही गेलेले. अशा बापाला खलनायक करायचं?

आणि उपेक्षा? १९७५मध्ये अमेरिकन फिजिकल सोसायटीच्या त्या पहिल्या महिला अध्यक्ष. विज्ञानविषयक सल्ल्याची यंत्रणा हवी म्हणून त्या राष्ट्राध्यक्ष फोर्ड यांना भेटल्या आणि तसं कार्यालय १९७६मध्ये कायद्याने झालं. १९७८मध्ये इस्रायलमधून दिलं जाणारं भौतिकशास्त्रातलं पहिलंवहिलं वुल्फ पारितोषिक. खरी डावलणूक होती ती पगारात: कोलंबियात पुरुष प्राध्यापकांच्या बरोबरीने पगार मिळायला १९७५ उजाडलं. मेसेजमध्ये त्याबद्दल चकार शब्द नाही.