सॅलिसिलिक आम्लाचे रेणू स्फटिकात सुटे नसतात

परीक्षेच्या टिपणांतून एक विधान वर्षानुवर्षे जसेच्या तसे उतरवले जाते: 'सॅलिसिलिक आम्लात हायड्रोजन बंध रेणूच्या आतच होतो, त्यामुळे दोन रेणूंमध्ये बंध उरत नाही, म्हणून त्याचा द्रवणांक कमी असतो आणि ते पाण्यात कमी विरघळते.' निष्कर्षाचा काही भाग खरा असल्यामुळे कारण तपासण्याची गरज कोणाला वाटत नाही, आणि चूक आहे ती कारणातच.

'दोन रेणूंमध्ये बंध उरत नाही' हे सर्वांत गंभीर. हा तर्क नायट्रोफिनॉलवरून उचललेला दिसतो. ऑर्थो-नायट्रोफिनॉल (बेंझिन कड्यावरचे दोन गट शेजारी-शेजारी) ४५ अंश सेल्सिअसला वितळते आणि पॅरा (दोन गट विरुद्ध टोकांना) ११४ अंशांना, कारण तिथे बंधासाठी उपलब्ध असा हायड्रोजन एकच आहे आणि ऑर्थो रूपात तो आतच गुंततो. सॅलिसिलिक आम्लात मात्र असे हायड्रोजन दोन आहेत. फिनॉल गटावरचा (कड्याला जोडलेल्या हायड्रॉक्सिल, म्हणजे OH, गटावरचा) हायड्रोजन शेजारच्या कार्बोनिल ऑक्सिजनशी (कार्बनला दुहेरी बंधाने जोडलेल्या ऑक्सिजनशी) बांधला जातो, हे मान्य. पण कार्बोक्सिल (COOH) गटावरचा मोकळाच राहतो. स्फटिकशास्त्रज्ञ कॉक्रन यांनी १९५३ साली क्ष-किरणांच्या साहाय्याने या स्फटिकाची जी रचना मांडली, तिच्यात दोन रेणूंचे कार्बोक्सिल गट समोरासमोर येऊन दोन हायड्रोजन बंधांनी जोडलेले आहेत आणि दोन कार्बन, चार ऑक्सिजन व दोन हायड्रोजन अशा आठ अणूंचे कडे तयार झाले आहे. ज्यात फिनॉल गट नाही त्या बेंझोइक आम्लाच्या स्फटिकातही हीच जोडी आढळते. म्हणजे आतल्या बंधाने बाहेरचा बंध हिरावलेला नाही. एकच कार्बोनिल ऑक्सिजन दोन्ही बंध सांभाळतो, आणि मला तरी या रचनेतील सर्वांत सुंदर गोष्ट हीच वाटते.

'द्रवणांक कमी' म्हणताना कोणापेक्षा, हे सांगितले जात नाही. बेंझोइक आम्ल १२२ अंशांना वितळते आणि सॅलिसिलिक सुमारे १५९ अंशांना, म्हणजे बरेच वर. पॅरा-हायड्रॉक्सिबेंझोइक आम्लाच्या (म्हणजे याच गटांच्या पॅरा रूपाच्या; सॅलिसिलिक हे ऑर्थो रूप) सुमारे २१४ अंशांपेक्षा ते कमी आहे, हे खरे. पण त्याचे कारण असे की पॅरा रूपातील हायड्रॉक्सिल गट दूरच्या टोकाला मोकळा असल्याने एका जोडीला दुसऱ्या जोड्यांशी बांधतो, तर ऑर्थो रूपातील जोड्या एकमेकींना मुख्यतः दुर्बळ बलांनीच धरून असतात.

विद्राव्यतेबद्दलचे विधान बरोबर आहे: २५ अंशांना एक लिटर पाण्यात सॅलिसिलिक आम्ल दोन ग्रॅमांहून थोडेसेच अधिक विरघळते, बेंझोइक सुमारे ३.४ ग्रॅम. परंतु रेणू एकमेकांना बांधलेले नसते, तर स्फटिक सुटणे उलट सोपे झाले असते. खरे कारण असे की आत गुंतलेला फिनॉल गट पाण्याच्या रेणूंच्या वाट्याला फारसा येत नाही.

कोणता हायड्रोजन आत गुंततो, याच गोंधळातून आणखी एक समज निघतो: कार्बोक्सिलचा हायड्रोजन अडकून पडल्यामुळे आम्ल सौम्य व्हायला हवे. पण सॅलिसिलिक आम्लाचा पीकेए (जितका कमी तितके आम्ल तीव्र) २.९७ आहे, बेंझोइकचा ४.२० आणि पॅरा रूपाचा सुमारे ४.६. कार्बोक्सिलचा हायड्रोजन निघून गेल्यावर मागे उरलेल्या ऋणभारित गटाला शेजारचा फिनॉल गट अधिकच घट्ट बंधाने स्थिर करतो, म्हणूनच तो हायड्रोजन इथे अधिक सहज सुटतो.