सही करू नका म्हणे!

रविवारी भोसरीला मामाकडे गेले, तर चहाआधी मोबाइलच पुढे आला. "वाच." त्याच्या फाउंड्रीचं प्रकरण एनसीएलटीत, म्हणजे कंपन्यांची दिवाळखोरी बघणाऱ्या न्यायाधिकरणात, गेल्यापासून कामगारांच्या ग्रुपवर एक मेसेज फिरतोय. कंपनी दिवाळखोरीत गेली की फंड, ग्रॅच्युइटी, पेन्शन सगळं बँका उचलतात. सरकारचा कर आधी, कामगार शेवटी. आणि आरपीच्या कुठल्याही कागदावर सही करू नका, केलीत तर हक्क गेला! बावीस वर्षं मोल्डिंगला उभा राहिलेला माणूस तीन रात्री झोपला नव्हता.

सहीचंच आधी बघू. बाकीच्या थापांनी झोप जाते, हिच्यामुळे पैसे जातात. आरपी म्हणजे कंपनीचा कारभार ताब्यात घेणारा रिझोल्यूशन प्रोफेशनल. तो कामगाराकडून भरून मागतो तो फॉर्म डी. त्यात लिहायचं काय, तर कंपनीकडून माझं इतकं येणं आहे: थकलेला पगार, रजेचे पैसे, ग्रॅच्युइटी. यात हक्क सुटतो कुठे? उलट न भरणाराच बुडतो. घनश्याम मिश्रा प्रकरणात सर्वोच्च न्यायालयानं एप्रिल २०२१ मध्ये सांगून टाकलंय, की कंपनी नव्या मालकाकडे द्यायची योजना मंजूर झाली की तिच्यात नसलेली जुनी देणी संपली. नवा मालक आला की त्याच्याकडे जाऊन रडता येत नाही. दाव्याची मुदत पेपरातल्या जाहीर सूचनेत असते, मुंगीएवढ्या अक्षरात. चष्मा लावून शोधा.

हां, कोणी राजीनाम्याचा किंवा 'सगळा हिशोब मिळाला'चा कागद पुढे केला, तर सही खरंच करू नका. मेसेजवाल्यानं बहुधा दोन्ही कागद एकाच पोत्यात भरलेत.

आता बँका फंड उचलतात, ही थाप. दिवाळखोरी संहिता, २०१६, कलम ३६(४): भविष्यनिर्वाह निधी, पेन्शन फंड आणि ग्रॅच्युइटी फंडातून कामगाराला येणं असलेली रक्कम लिक्विडेशनच्या, म्हणजे कंपनी मोडून विकायला काढलेल्या, मालमत्तेत धरायचीच नाही. जी वस्तू ताटातच नाही ती बँक वाढून घेणार कशी? जेट एअरवेजच्या कर्मचाऱ्यांचा पीएफ आणि ग्रॅच्युइटी द्यावीच लागेल, असं अपील न्यायाधिकरणानं ऑक्टोबर २०२२ मध्ये ठरवलं आणि जानेवारी २०२३ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं ते कायम ठेवलं. पुढे जेट नव्या मालकाकडे द्यायची योजनाच फसली आणि नोव्हेंबर २०२४ मध्ये कंपनी लिक्विडेशनमध्ये गेली, हेही सांगायला हवं. कागदावरचा हक्क आणि हातातली नोट यांत बरंच अंतर असतं.

कराचं म्हणाल तर तेही उलटं. लिक्विडेशन झालंच, तर प्रक्रियेचा खर्च वजा जाता कामगारांचं आधीच्या २४ महिन्यांचं येणं तारण सोडणाऱ्या (गहाण मालमत्ता स्वतः न विकता सामाईक विक्रीत देणाऱ्या) बँकांच्या बरोबरीनं लागतं. ऑफिस स्टाफचं १२ महिन्यांचं त्याखाली, आणि सरकार त्याच्याही खाली. पेन्शन तर ईपीएफओ, म्हणजे सरकारची पीएफ संघटना, देते, कंपनी नाही. दहा वर्षं नोकरी झालेल्याची पेन्शन कारखान्याला कुलूप लागलं म्हणून बंद होत नाही.

मेसेजात खरं असलंच तर एवढंच, की कंपनीनं फंडात पैसे भरलेच नसतील तर ते आपोआप उगवत नाहीत. कंपनीनं ग्रॅच्युइटीसाठी वेगळा फंड ठेवला नसेल तर तिथेही भांडावं लागतं. मामाचं पीएफचं पासबुक उघडलं, तर शेवटच्या सात महिन्यांचा भरणाच नाही. पगारपत्रकात मात्र कपात दर महिन्याला! हा फौजदारी विश्वासघात आहे. असं दिसलं की पीएफ कार्यालयाला लेखी कळवा, वसुलीचा दावा तेही लावतात.

मामीनं पत्र्याच्या पेटीतून रेशनकार्डाखालची पगारपत्रकं काढली. तेलकट बोटांचे ठसे होते त्यांवर. मामा फॉर्म भरायला बसला आणि रकमेच्या रकान्यापाशी अडला.

"रजेचे पण लिहू?"

लिही म्हटलं.